सुभद्राबाईचा चेहरा

"सुभद्राबाई सोनवणे कोण आहे इथं?"

लूमच्या खडखडाटात ते पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. कारागिरांवर देखरेख करणाऱ्या शालिग्राम मास्तरने हात वर करून जवळचे लूम थांबवले, तेव्हा बॉबिनच्या मशीनपाशी बसलेल्या सुभद्राबाईने मान वर केली. दारात साध्या कपड्यांतले दोन पोलीस उभे होते आणि त्यांच्या मागे सुरतेतल्या लिंबायतच्या चौकीवरचा ओळखीचा शिपाई.

"मीच ती. काय झालं साहेब?"

"तुमचं खातं आहे ना? त्याचीच चौकशी आहे."

"माझं कसं राहीन? खातं शेठचं. मी इथं बॉबिन भरते."

कारागीर हसले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात, हे विदर्भातून आलेल्या त्या पोलिसांना ठाऊक नव्हतं. दोघांतला वयस्कर होता लक्ष्मण हवालदार. तो हसला नाही. त्याने फोन पुढे धरला. पडद्यावर सुभद्राबाईचाच चेहरा होता. कपाळावर कुंकू नाही, पदर नीट घेतलेला, डोळे मोठे केलेले.

"बँकेतलं खातं म्हणतोय मी, बाई. तुमच्या नावाचं. लोकांना फसवून लुबाडलेला पैसा त्यातून गेलाय. हा फोटो कुणी काढला?"

फोटो कुणी काढला ते तिला लख्ख आठवत होतं. तिचा पुतण्या चेतन, शालिग्राम मास्तरचा मुलगा. लिंबायतमध्येच त्याचं मोबाइलचं दुकान. विधवा बायकांना सरकारकडून शिलाई मशीन मिळणार आहे म्हणून त्याने गल्लीतल्या कितीतरी जणींची कागदं घेतली होती. "काकू, जरा पापणी मिचकाव," म्हणत त्याने तिला दोनदा फोनसमोर बसवलं होतं. ती तेव्हा लाजून हसलीही होती. मशीन आलं नाही. तिच्या नावावर त्याने घेतलेल्या नव्या सिमचं काय झालं, बँकेच्या कार्डाचं काय झालं, हे तिने कधी विचारलं नाही. घरच्या पोराला काय विचारायचं?

तिने मास्तरकडे पाहिलं. मास्तर थांबवलेल्या लूमकडे बघत होता.

चौकीत हवालदाराने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्याच्या बोलण्यात जरब नव्हती, थकवा होता. दोन दिवस तो असल्याच पत्त्यांवर फिरत होता आणि प्रत्येक पत्त्यावर अशीच कुणीतरी सापडत होती.

"पैसे कुणाचे होते?" सुभद्राबाईने विचारलं.

"आमच्या तालुक्यातल्या एक सरस्वतीबाई आहेत. अंगणवाडीत जन्म गेला त्यांचा. पोलीस बोलतोय म्हणून फोन आला, तुमचा मुलगा गुन्ह्यात सापडलाय म्हणाले, सोडवायचा तर लगेच पैसे पाठवा. घाबरल्या. होतं नव्हतं ते पाठवलं."

"माझं बोलणं करून द्या त्यांच्याशी."

"कशाला? शिव्या खाल."

"खाईन. द्या करून."

हवालदाराने नंबर लावला. पलीकडचा आवाज आधी बारीक होता. ही कोण ते कळल्यावर तो चढत गेला.

"तुझ्या नावावर गेले माझे पैसे! घर लिंटलपर्यंत आलं होतं माझं. आता भिंतीत गवत उगवलंय. मुलगा बोलत नाही माझ्याशी, म्हणतो, तू विचारलं का नाही मला. चोरटे, तुला झोप तरी कशी लागते?"

आपल्याला काही माहीत नव्हतं, असं सुभद्राबाई म्हणाली नाही. पलीकडे रडू फुटलं, फोन बंद झाला, तरी तिने तो कानावरून काढला नव्हता.

"उद्या या," हवालदार म्हणाला. "ज्याने कागदं घेतली त्याचं नाव सांगायचं. नाही सांगितलं तर केसमध्ये नाव तेवढं तुमचंच राहील."

ती घरी पोचायच्या आतच बातमी पोचली होती. खोलीत शालिग्राम मास्तर खाटेवर बसला होता. तो राघोचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, चुलतभाऊ. चेतन दाराला टेकून उभा. तिचा मुलगा कुंदन रिक्षा बाहेर लावून भिंतीशी बसलेला; ती रिक्षा घेताना मास्तरच जामीन राहिला होता.

"वहिनी, सिम हराई गयं, इतलंच सांगानं," मास्तर घरच्या अहिराणीत म्हणाला. "बाकी मी पाही लिसू."

चेतनने फोन खिशात टाकला. "काकू, टेन्शन मत ले. वकील आपलाच आहे. मी अडाणी बाई, मला काय खबर, असं बोलायचं. बस."

"मी चौथी शिकेल शे," सुभद्राबाई म्हणाली.

"अरे, बोलायला काय जातं?"

"तुले माहीत व्हतं का रे, त्या पैसा कोना शेतस?"

"मी फक्त अकाउंट देतो काकू. पुढे कोण काय करतो, मला नाय खबर."

"अकाउंट नही दिधं तू. मना चेहरा दिधा."

चेतनने मान फिरवली. हाच चेतन लहान असताना त्याची आई मंगलाबाई टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तो सुभद्राबाईच्या ताटात जेवून, तिच्याच कुशीत झोपला होता. ते तिला आठवलं. तिथेच ती थोडी मऊ पडली असती. पण मास्तरने घाई केली.

"राघो गया तवय तुले खातामा कोणी लाई दिधं? ह्या पोऱ्याले रिक्षा कोणी लिदी?"

"तुम्हीच भाऊ. मी ईसरनू नही. त्या उपकार मी हाडं मोडीसन फेडी राहिनू. पण मी मना नाव तुमनाकडे गहाण ठेवेल नही."

"माय," कुंदन पहिल्यांदाच बोलला, "घरना माणूस शे तो."

"मी बी घरनीच शे ना, कुंदन?"

मास्तर उठला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "सांगीसन पाह्य. मंग गल्लीमा पाणी कोण देस ते दिसी तुले."

सकाळी सुभद्राबाईने धुतलेलं लुगडं नेसलं आणि कुंदनला न उठवता चालत चौकीवर गेली. चेतनचं नाव, त्याच्या बापाचं नाव, दुकान कुठे, फोटो काढताना तो काय काय म्हणाला, सगळं तिने सांगितलं. पुतण्याचं वय विचारलं तेव्हा मात्र तिने आकडा सांगितला नाही. माझ्या कुंदनपेक्षा लहान, असं ती म्हणाली.

"अंगठा की सही?" हवालदाराने विचारलं.

तिने पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं.

चेतनला त्याच दिवशी दुकानातून उचललं. काही आठवड्यांनी तो जामिनावर सुटला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी फटाके वाजले. सुभद्राबाईचं लूमचं काम तोवर गेलंच होतं. बॉबिनच्या मशीनवर मास्तरने दुसरी बाई बसवली. सुभद्राबाई सुरतेबाहेरच्या सचिन भागातल्या एका कारखान्यात लागली. भल्या सकाळी शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून जायची. कुंदनने तिला कधी आपल्या रिक्षाने सोडलं नाही आणि तिने त्याला कधी म्हटलं नाही. तो रात्री जेवायला यायचा, ताट पुढे ओढायचा, जेवून निघून जायचा. चौकीच्या तारखा तिलाही चुकल्या नाहीत. खातं तिच्या नावाचं होतं, त्यामुळे चौकशी तिचीही चालूच होती.

बायका नळावर ती आली की बोलणं थांबवायच्या. तिने बादली लावायची, भरायची, निघायचं. एकदा शेजारची योगिता तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

"मावशी, माझा पण फोटो काढलाय त्याने. घरात सांगितलं तर हे मारतील मला. काय करू?"

"मारतीन म्हणून लपवशील, तर उद्या पोलीस सांगतीन त्यांना. चल, मी येते तुझ्यासोबत."

दोघी चौकीवर गेल्या. योगितानंतर आणखी तिघी गेल्या, पण त्या गुपचूप, पाठच्या गल्लीने. गल्लीत मात्र चेतनला पकडून देणारी एकटी सुभद्राबाईच राहिली.

श्रावण आला. लिंबायतमध्ये खानदेशी घरोघर कानबाई देवीच्या सणाची तयारी सुरू झाली. दरवर्षी भाऊबंदांची कानबाई मास्तरकडे बसायची. सगळ्या घरांतून गहू गोळा व्हायचे, त्यांच्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे. यंदा सुभद्राबाईकडे गहू मागायला कुणी आलं नाही.

तिने गहू स्वतःच दळून आणले. नवा नारळ आणला, त्याला डोळे काढले, नथ घातली, लाल खण नेसवला आणि आपल्या एका खोलीत चौरंगावर कानबाई बसवली. अशी वेगळी कानबाई बसवतात का, यावर गल्लीत दोन दिवस चर्चा झाली. तिच्या कानावर आली तेव्हा ती म्हणाली, "देवी कोना बापनी नही."

रोट खायला कोणी आलं नाही. रात्री कुंदन आला, एका कोपऱ्यात बसला आणि काही न बोलता दोन रोट खाऊन गेला.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. योगिताने ओळखीचा एक डफवाला गाठून दिला. सुभद्राबाईने चौरंग डोक्यावर घेतला आणि गल्लीत उतरली. मागच्या वाटेने गेलं असतं तर रस्ता जवळ पडला असता. ती मास्तरच्या दारावरूनच निघाली.

कानबाई दारावरून निघाली की घरच्या बाईने पुढे होऊन चौरंग घेणारीच्या पायांवर पाणी घालायचं असतं. गल्लीतली दारं एकेक करून लोटली गेली. कुठे खिडकीचा पडदा हलला, कुठे एखादं मूल आत ओढलं गेलं. डफवाला बिचकला, त्याचा हात हळू झाला.

"थांबू नको," ती म्हणाली. "जोरात वाजाड."

मास्तरच्या ओट्यावर चेतन मोबाइल घेऊन बसला होता. तो उठून आत गेला. सुभद्राबाई दारासमोर आली आणि थांबली. मान ताठ, डोक्यावर चौरंग असला की ती ताठच ठेवावी लागते. आतून मास्तरचा आवाज आला, "भायेर जावानं काम नही!"

मंगलाबाई बाहेर आली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, हातात पाण्याचा तांब्या. तिने जावेच्या तोंडाकडे पाहिलं नाही. वाकून तिने तांब्यातलं सगळं पाणी सुभद्राबाईच्या पायांवर ओतलं, ओल्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला आणि तशीच मागे वळून आत गेली.

सुभद्राबाईला खाली वाकून बघणं शक्यच नव्हतं. तिने चौरंग दोन्ही हातांनी नीट धरला आणि पाऊल पुढे टाकलं. ओल्या पायांना गल्लीतली माती चिकटत होती.