रंगवलेली हेल्मेटं

माझ्या नाकावर कायम राग असतो, म्हणूनच मला अंपायर केलं असं माझ्या भाचीच्या संघाचा कोच सगळ्यांना सांगतो. आमची मुलामुलींची बेसबॉल लीग छोटी. अंपायर दोघंच, आणि दुसरा त्या दिवशी कंबर धरून घरी पडलेला. त्यामुळे फायनलला मी माझ्याच भाचीच्या सामन्यात अंपायर म्हणून उभी राहिले. दोन्ही संघांनी हरकत घेतली नाही. माझ्या तोंडी लागायची हौस कुणाला नसते.

सामन्याआधी साहित्य तपासायचं असतं. बॅटी बघितल्या, कॅचरच्या मुखवट्याचे पट्टे ओढून बघितले. मग भाचीच्या बाबांनी, म्हणजे माझ्या भाऊजींनी, हेल्मेटांची पेटी उघडली आणि पोरं नाचायलाच लागली. निळीशार हेल्मेटं, वर चंदेरी पट्टा, आणि चकाकी अशी की आपलं तोंड दिसावं. भाऊजींचा धंदा गाड्या रंगवायचा. जुनी, ओरखडे पडलेली हेल्मेटं त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन घासली, स्प्रे मारला, गरम हवेखाली वाळवली आणि कुणाला कानोकान खबर लागू दिली नाही. माझी भाची टिल्ली आपलं हेल्मेट छातीशी धरून बापाकडे बघत होती.

पण यंदाच्या नव्या नियमात स्पष्ट सांगितलं होतं की रंग मारलेलं हेल्मेट चालणार नाही. रंगातलं थिनर प्लॅस्टिक ठिसूळ करतं आणि वरून काहीच दिसत नाही. हा नियम सभेत सांगितला तेव्हा कोच हजर होता, पण त्याच्या डोक्यात फक्त 'स्टिकर नकोत' एवढंच शिरलं.

ही घालून कुणी मैदानात उतरणार नाही, असं सांगून मी पेटी बंद केली.

कोच गयावया करू लागला. हेल्मेट नाही म्हणजे सामना नाही, कप समोरच्यांच्या घशात. उसनी मागायची तर त्यांच्याकडेच, आणि त्यांच्यापुढे हात पसरायची भाऊजींची तयारी नव्हती. पालक आधी कुजबुजले, मग मला ऐकू जाईल असं बोलू लागले. टिल्लीची आई, माझी ताई, उठून लांबच्या बाकावर जाऊन बसली. ते मला जास्त लागलं.

भाऊजींनी तरातरा जाऊन एक हेल्मेट कुंपणाच्या खांबावर बसवलं आणि टिल्लीच्या संघातल्या पिचर पोरीला अंगात असेल तेवढ्या जोरानं चेंडू टाकायला सांगितलं. मी अडवायला हवं होतं, पण मलाही बघायचं होतं. धाडकन आवाज झाला. हेल्मेट उडून गवतात पडलं. भाऊजींनी ते उचलून सगळ्यांसमोर फिरवलं. कुठे तडा नाही, टवका नाही. टाळ्या पडल्या.

"बघितलंस? माझ्या हातचं काम आहे ते."

मी हेल्मेट हातात घेऊन आतबाहेर बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. डोकं भडकलं होतंच.

"ठीक आहे, भाऊजी. आता हे टिल्लीला घाला. ती खांबाशी उभी राहील, ही पोरगी तसाच चेंडू टाकेल. मग मी सामना सुरू करते."

टाळ्या थांबल्या. मी बोलून बसले होते. ते हो म्हणाले असते, तर मलाच पोरीला ओढून बाजूला न्यावं लागलं असतं. तेवढ्यात टिल्ली आपणहून पुढे आली आणि तिनं मान खाली केली.

"घाला ना, बाबा."

भाऊजींनी हेल्मेट तिच्या केसांपर्यंत नेलं. तिथेच त्यांचे हात थांबले. त्यांनी पिचरकडे बघितलं, तर तिनं चेंडू पाठीमागे लपवलेला.

त्यांनी हेल्मेट पेटीत ठेवलं आणि मैदान ओलांडून समोरच्या कोचकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा हातात पिवळी, खरवडलेली हेल्मेटं होती. त्यातलं एक त्यांनी टिल्लीला घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा ओढला.

गळा आवळतोय, म्हणाली ती. त्यांनी पट्टा थोडा सैल केला, पुन्हा घट्ट केला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी खेळ सुरू केला. टिल्ली बॅट घेऊन उभी राहिली. जाळी धरून उभे असलेले भाऊजी प्रत्येक चेंडूला डोळे मिटून घेत होते.