चिरेखाणीतलं कुंकू

सकाळी दहाच्या सुमारास रत्नागिरीच्या वेशीवरच्या जुन्या चिरेखाणीभोवती दीडदोनशे माणूस जमे. साल १९८४, ऑक्टोबरचं ऊन. खाणीत साचलेलं तळं सकाळी हिरवंगार असे, आणि गुणाजी भगताने गाऱ्हाणं घातलं की डोळ्यांदेखत लाल होई. देवी मळवट भरते, असं गुणाजी सांगे.

"बारा वाटांच्या मालकिणी, ही लेकरं तुज्या पायाशी आलीत. चुकलंमाकलं पदरात घे नि मळवट भर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गर्दी म्हणे.

बारा वाटांचं मात्र खरं होतं. रस्त्यांचं पाणी, गोठ्यांचं मूत, फुटक्या संडासांची गळती, सगळं पावसाबरोबर बारा वाटांनी याच खाणीत उतरलं होतं.

मी जवळच्या दवाखान्यात कंपाउंडर, आणि मोजायची खोड जुनी. वीस दिवस मोजले. ऊन पडलं ते सतरा दिवस देवी नटली. ढग होते ते तीन दिवस ती नटली नाही, आणि गुणाजीच्या मते गर्दीत कुणी बाटलेलं निघालं. माडांआडून ऊन उशिरा उतरलं, तर गाऱ्हाणंही तेवढंच लांबे.

हसलो असतो, पण सगुणा हातात आमचीच बाटली घेऊन उभी होती. तिची तीन वर्षांची नात चिमा जुलाबाने सुकत चालली होती. आईबाप मुंबईत. मी दिलेलं औषध ओतून टाकून सगुणाने बाटलीत तळ्याचं तीर्थ भरलं होतं. डोसाच्या खुणांची कागदी पट्टी तशीच ठेवली होती. दिवसाला तीन खुणा, न चुकता.

दवाखान्यातल्या नर्स यमुनाबाईंना मी हिशेब सांगितला. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी शेजारच्या धाकू शेतकऱ्याकडून पावसाळ्यात डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं मागून घेतलं आणि काठाजवळच्या उथळ पाण्यावर चार काठ्यांवर उभं केलं. गाऱ्हाणं झालं, तळं लाल झालं. बाईंनी इरलं उचललं. खाली इरल्याएवढाच हिरवा तुकडा.

"आता कुणी बोलू नका. गाऱ्हाणंही नको," बाई म्हणाल्या. "नुसतं बघा."

थोड्या वेळात तो तुकडाही लाल झाला.

"हे डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. घाणीवर पोसतात. ऊन लागलं की अंगातला लाल रंग वर आणतात, सावलीत आत घेतात. जुलाब होतात ते त्या घाणीने."

गुणाजी खाकरला. "बाई, देवीला इरल्याखाली झाकलीत, तर ती मळवट कशी भरंल?"

"व्हय म्हाराजा," गर्दी म्हणाली.

बाई सगुणाजवळ गेल्या. "आजी, तुम्ही तरी पाहिलंत ना?"

"पायलं बाय. रंगाचं पटलं." सगुणाने बाटली पदराआड घेतली. "पन येकवीस दिसांचा नवस हाय. चार ऱ्हायलेत. मधीच मोडला नि पोरीला काय झालं, तर तिच्या आयशीला काय सांगू?"

"निदान उकळून द्या."

"उकळलं तं देवी जाईल ना त्यातली."

एका उकळीला न टिकणारी देवी पोरीला कशी टिकवणार, हे माझ्या ओठावर आलं होतं. सगुणा पदराआड बाटलीचं बूच घट्ट करत होती. मी ते गिळलं.

नवसाच्या विसाव्या दिवशी सगुणा चिमाला खांद्यावर टाकून दवाखान्यात आली. मीठसाखरेचं पाणी ओठांबाहेरच ओघळलं. मोठ्या इस्पितळाकडे निघालेली रिक्षा निम्म्या वाटेवरून परत फिरली.

बाटली टेबलावरच राहिली होती, तळाशी तीन खुणा शिल्लक. मी ती कपाटात ठेवली. अंधारात पाणी हिरवं झालं. दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवली, तर थोड्या वेळात वरचा थर लाल. गाऱ्हाणं कुणीच घातलं नव्हतं.

आलेल्या प्रत्येकाला ते दाखवलं. दोघींनी बाटलीला हात जोडले.

म्हणून इथे लिहून ठेवतो. पाण्याचा रंग कुणी बदलला, हे मागाहून विचारा. ते कुठून वाहत आलं, हे आधी विचारा. आणि पोराला पाजायचं पाणी, कुणाच्याही नावाचं असो, उकळा.