शिमग्याआधी बसवलेले दात

लांज्याच्या एसटी स्टँडासमोर, वडाच्या सावलीत, महिपत खुर्चीवर मान मागं टाकून बसला होता आणि दातवाला त्याच्या तोंडात बोटं घालून तार पिळत होता. भोवती चार रिकामटेकडे जमलेच होते. कुणाचं तोंड उघडं दिसलं की आमच्याकडची माणसं हातची एसटी सोडतील, पण बघायचं सोडणार नाहीत. दातवाल्यानं वाटीत गुलाबी भुकटी कालवली, महिपतच्या हिरडीवर थापली, तिच्यात दोन पांढरेशुभ्र दात रोवले आणि शेजारच्या दोन धडधाकट दातांना ते तारेनं आवळून टाकले. मग आरसा पुढं धरला. दुसरा कुणी असता तर आधी हसून बघितलं असतं. महिपतनं आधी ‘देवी’ म्हणून बघितलं. शब्द स्वच्छ आला. मग हसला.

त्याचं असं झालं होतं. महिपत चिरेखाणीवर कामाला. माघात टिकावाचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि वरचे पुढचे दोन दात तुटले. मुळं तेवढी आत राहिली. आता खाणीवरच्या निम्म्या माणसांना पुढचे दात नाहीत, कुणाचं काय अडलंय? पण महिपतचं अडत होतं. शिमग्याला देवीची पालखी घरोघर जाते आणि प्रत्येक अंगणात, हातात नारळ धरून, त्या घरासाठी देवीला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. बाप गेल्यापासून तोच घालत आला होता. कुणाचा मुलगा मुंबईत गिरणीत आहे, कुणाच्या लेकीचं लग्न अडलंय, कुणाची म्हैस आटलीय, सगळं तो नावानिशी घडाघडा देवीला सांगायचा, आणि अंगणभर माणसं ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ द्यायची. नाव चुकलं तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं आमचे म्हातारे मानतात. आणि इथं महिपतला स्वतःच्या बायकोला, तुळसाला, हाक मारायची म्हटली तरी नुसता वारा निघत होता. पोरं फिदीफिदी हसायची. त्याच्या जिवाला ते फार लागलं.

दातवाल्याकडं तो काही उठून सरळ गेला नव्हता. खाडा करून आधी रत्नागिरीला सरकारी इस्पितळात गेला होता. तिथली दातांची डॉक्टरीण भली होती. म्हणाली, मुळं फुकट काढून देते, जखम नीट भरली की दोन-तीन महिन्यांनी काढता-घालता येणारी कवळी थोडक्या पैशांत करून देऊ. महिपतनं विचारलं, शिमग्याच्या आत होईल का? ती म्हणाली, ‘शिमगा दरवर्षी येतो हो, दात येत नाहीत.’ बाई बोलली ते खरंच होतं. पण तोंडात ओली जखम असताना देवीचा नारळ हातात धरायचा नाही, हा आमच्या गावचा रिवाज. मुळं काढली की यंदाचा शिमगा गेला. मुंबईच्या कॉलेजात शिकाऊ डॉक्टर स्वस्तात दात बसवतात, असं महिपतच्या मुंबईतल्या मुलानं कळवलं होतं. पण तिथंही खेपा घालायच्या, आणि रोजावरचा माणूस मुंबईत किती दिवस बसून राहणार?

तुळसानं त्याला परोपरीनं सांगितलं. यंदा लवूला घालू दे गाऱ्हाणं, पुतण्याच तो, कुणी परका आहे का? त्यावर महिपत जेवणाच्या ताटावरून उठला. मान एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की परत येत नाही, एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी लांज्याला गेला. दातवाला मुळं काढत नव्हता, थांबायला सांगत नव्हता, आणि पैसे हप्त्यानं घ्यायला तयार होता. गरिबाला आणखी काय हवं?

खोटं कशाला बोलू, तो शिमगा महिपतनं गाजवला. त्याचं गाऱ्हाणं इतकं खणखणीत कधीच झालं नव्हतं. म्हाताऱ्या आवडाबाईनं तर भर अंगणात त्याची अलाबला घेतली. तुळसालाही वाटलं, आपणच उगाच आडवं लावलं.

पावसाळ्यात ठणका सुरू झाला. दात पक्के बसवलेले, काढून धुता येईनात, आणि खाली कुजलेली मुळं तशीच. महिपत लवंग धरायचा, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायचा, पण इस्पितळाचं नाव काढू द्यायचा नाही. डॉक्टरीण बघताक्षणी दात उपटणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तोंडाला घाण मारायला लागली. तो बोलताना तुळसा आधी मान वळवायची, मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिनं वळवायची सोडली.

दिवाळीत तोंड सुजून डोळा मिटला, ताप चढला, तेव्हा तुळसानं आणि लवूनं त्याला दोन्ही बाजूंनी धरून रत्नागिरीला नेलं. डॉक्टरणीनं तार कापली तर तारेबरोबर शेजारचे दोन्ही दात हातात आले. आतलं हाडसुद्धा पोखरलं होतं. पुढची सबंध ओळ काढावी लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, ‘तेव्हा दोनच होते हो.’

महिपत घरी येईपर्यंत ते वाक्य घोळवत राहिला. दोनच होते. एक शिमगा गप्प बसलो असतो तर आज तोंडात कवळी असती. तुळसाला तो हे किती वेळा म्हणाला असेल त्याला गणती नाही. तिनं एकदाही ‘मी सांगत होते’ म्हटलं नाही.

शिमगा आला तरी जखम वाहतच होती. पालखी उठायच्या वेळी सगळे मानकरी खाली बघत उभे राहिले. महिपतच पुढं झाला, नारळ उचलायला लवूकडं बोट केलं आणि बाजूला सरकला.

पालखी त्याच्या अंगणात आली. तोंडावर पंचा धरून तो तुळसाजवळ उभा होता. लवूनं हळूच विचारलं, ‘काका, काय मागू?’

महिपतनं तुळसाकडं बघितलं. इतकी वर्षं गावाचं मागणं त्याला पाठ होतं, आपल्या घराचंही तोच मागायचा. तुळसाच म्हणाली, ‘ह्यांच्या तोंडाचं माग रे.’ महिपतनं नको म्हणून मान हलवली. पंच्याआडून कसंबसं म्हणाला, मुंबईतल्या पोराचं माग.

लवूनं नारळ धरला. मुलाचं नाव घेतलं, तुळसाचं घेतलं. आणि मग, ‘ह्या घरचा धनी महिपत, त्याचा काय दुखत-खुपत असल ता दूर कर, महाराजा!’

‘व्हय महाराजा,’ सगळं अंगण म्हणालं.

महिपतचं तोंड उघडलं, पण तोवर सगळ्यांचं म्हणून झालं होतं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं साथ द्यायची नसते, त्यामुळं बाप गेल्यापासून ते शब्द त्यानं कधी उच्चारलेच नव्हते. त्यानं तोंडावरचा पंचा खांद्यावर टाकला, हात जोडले, आणि लवू पुढं काय म्हणतो याची वाट बघत उभा राहिला.