टोपलंभर माती

“तिन्हीसांजेला माझ्या वावरात कशाला गेलतीस?” भगवानरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. सारजाबाईनंही तिसऱ्यांदा तेच सांगितलं, “मातीला गेलते. पेरणीच्या टायमाला. टोपलंभर आणली.”

तलवाड्याच्या चावडीपुढं माणसं दाटली होती. दिवे लागल्यावर विरजणसुद्धा घराबाहेर द्यायचं नाही, अशी गावाची रीत. आणि या बाईनं दुसऱ्याच्या शेताची माती नेली होती. त्यात यंदा भगवानरावांचा हरभरा पिवळा पडून माना टाकत होता आणि सारजाच्या माळावरचा तेवढा हिरवागार उभा होता. मग काय, गावाला दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो?

“हिचं पीक उपटायला लावा, पाटील,” भगवानराव म्हणाले. “माझ्या वावराची बरकत हाय ती.”

 सारजाच्या नवऱ्यानं सरकारकडून मिळालेला तो पडीक माळ फोडायला घेतला आणि फोडता फोडताच तो वारला. तीन सालं पीक दिसलं नाही तर जमीन सरकारजमा, असा हुकूम होता. दोन सालं पिकाविना गेली होती. सरकारी अंमलदार, गिरदावर, आठ दिवसांनी पाहणीला यायचा होता. आज पीक उपटलं तर माळ गेलाच.

वीस वर्षं तिनं लोकांच्या शेतात खुरपं चालवलं होतं. जिथं हरभरा जोमात, तिथं मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, आणि नखानं दाबली की गाठ आतून लाल, हे तिनं कितीदा पाहिलं होतं. तिच्या माळावर आधीच्या दोन सालांत पिवळ्या पडलेल्या रोपांची मुळं मात्र नुसती दोऱ्यासारखी. जुन्या शेताची माती बियाण्यासोबत पेरणीच्या सरीत पडली तर गाठी धरतील, एवढं तिला सुचलं, आणि ते खरं ठरलं.

“पाटील, दोन्हीकडचं एकेक झाड उपटून आणा,” ती म्हणाली. “मुळं बघा, मग बोला.”

पाटील त्रिंबकरावांनी माणूस धाडला. झाडं आली. सारजानं सगळ्यांसमोर आपल्या झाडाची गाठ दाबली. ती लाल निघाली. मग तिनं भगवानरावांच्या झाडाची दाबली आणि तिचाच हात थबकला. गाठ काळी होती, सडून मऊ झाली होती.

“बघा,” भगवानराव हळू म्हणाले. “हिचं लाल, माझं काळं. रगत वढून घेतलं हिनं.”

माणसं मागं सरली. सारजानं काळी गाठ पुढं धरली. “पान्यानं सडलंय ते, मालक. हरभऱ्याला तीनदा मोटंचं पानी दिलं तुमी. आन् विरजण दिल्यानं देनाऱ्याचं दही आटतं व्हय?”

“विरजण मागून नेत्यात. तू माती चोरून नेलीस. का कुनी दिलती तुला?” पाटलांनी विचारलं.

सारजानं नजर उचलली. समोर बायकांत भगवानरावांची बायको चंद्रभागाबाई उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तिनंच त्या तिन्हीसांजेला, नवरा चावडीवर गेल्यावर, आपल्या हातानं टोपलं भरून दिलं होतं. पण तिनं कुणाला तरी पायलीभर जोंधळे दिले म्हणून भगवानरावांनी तिला एकदा सिरसाळ्याला माहेरी धाडलं होतं, ते वर्षभर आणलंच नव्हतं. नाव घेतलं की आपण सुटतो आणि ती बुडते, हे सारजाला लख्ख दिसत होतं. आणि तिला रागही आला, फार आला, की ही बाई स्वतः का बोलत नाही.

“कुनी न्हाई,” सारजा म्हणाली. “मीच नेली.”

पाटलांनी मग आपल्या परीनं मधला रस्ता काढला. उभं पीक उपटणं पाप, ते राहू द्या; पण हिनं टोपलंभर माती परत टाकावी आणि यापुढं कुणाच्याही शेतात पाऊल ठेवू नये. सारजानं त्याच दुपारी टोपलंभर माती परत टाकली. गिरदावर पीक बघून गेला, माळ वाचला; वीस वर्षांचं खुरपं मात्र घरात गंजत पडलं. नदीवर बायका तिच्यापासून घागरी लांब ठेवू लागल्या.

पुढच्या पेरणीला भगवानरावांनीही आपल्या पडीक माळाचा एक तुकडा फोडला. तिन्हीसांजेला चंद्रभागाबाई रिकामं टोपलं घेऊन सारजाच्या दारात आली.

“मातीला त्यांनीच धाडलंय, आमच्या वावरात गाठी सडल्यात. कुनाला दिसू नको म्हनले.”

“माती लागंल तेवढी न्या, वैनी,” सारजा म्हणाली. “पर आता न्हाई. उद्या उन्हात या, चावडीवरून.”

ती रिकामं टोपलं घेऊन परतली. सारजाला वाटलं, ही काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं, तेव्हा डोक्यावर टोपलं घेतलेली चंद्रभागाबाई माळाच्या वाटेनं येताना दिसली. बांधावर येऊन तिनं टोपलं खाली ठेवलं.

“चावडीपाशी थांबले,” ती म्हणाली. “मागल्या साली माती मीच दिलती, असं सांगून आले. हे बी तिथंच बसलते.”

“काय म्हनले?”

“मान खाली घालून बसले.”

सारजानं खाली बसून हातानं माती उकरली, टोपलं काठोकाठ भरलं, वर आणखी दोन ओंजळी टाकल्या. मग दोघींनी मिळून ते चंद्रभागाबाईच्या डोक्यावर चढवलं.

“जड हाय,” सारजा म्हणाली. “मान ताठ धरा.”