फोटोतली तिवई

ताकाच्या पेल्यात कमरेइतकी बुडालेली नात. हात वर करून हसते आहे.

एक बुटकी तिवई. तिच्यावर बसलं की गुडघे छातीशी येतात.

स्वयंपाकघरात एक बाई स्वतःलाच चहाचा कप देते.

आवळलेली मूठ. मुठीत काही नाही.

एक सावली डावीकडे, एक उजवीकडे.

नांदेडहून आत्याचा निरोप: भाऊ भाऊ एक झाले, आता मी डोळे मिटायला मोकळी.

ही आत्या लक्ष्मणरावांची, नव्वदीची, आणि डोळे मिटायची घाई तिला गेली वीस वर्षं आहे. पण हैदराबादेत, अंबरपेठच्या घरात बसून लक्ष्मणरावांनी तो निरोप चष्मा पुसून पुन्हा वाचला, कारण त्याच्या वर एक फोटो होता. धाकट्या भावाच्या, गौलीगुड्याच्या एकनाथरावाच्या फोनवरून सगळ्या गोतावळ्याच्या ग्रुपवर आलेला. फोटोत लक्ष्मणराव खुर्चीत ऐसपैस बसले होते. शेजारी बुटक्या तिवईवर एकनाथ. दोघं हसत होते. फोटो झकास होता. अडचण एवढीच, की असे ते बसलेच नव्हते. आईच्या वर्षश्राद्धापासून दोघांत बोलणं नव्हतं.

का नव्हतं, ते लक्ष्मणरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्यांच्या घराण्यात मोठ्यासमोर धाकटा बरोबरीच्या आसनावर बसत नसे. वडील बाजेवर, तर चुलते खाली सतरंजीवर. असं कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून अंगात मुरलं होतं. आणि त्या वर्षश्राद्धाला साऱ्या भावकीदेखत एकनाथ खुर्ची ओढून बसला, मोठा भाऊ अजून उभा असताना. गुडघा धरलाय म्हणाला. लक्ष्मणराव बायकोला घेऊन पंगतीआधीच निघून आले. एका खुर्चीसाठी पंगत सोडली, असं सांगायची लाज वाटली म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसता बसता वर्षं गेली.

आता एकनाथच्या मुलीचं, त्रिवेणीचं, जमत आलं होतं. मुलगा चिन्मय, कॉम्प्युटरवाला, माणसं पुण्याची, पण नोकरीपायी कोंडापूरला स्थायिक झालेली. सगळं पसंत पडलं, मग मुलाच्या आईनं, सुनंदाबाईंनी, सहज विचारावं तसं विचारलं होतं की मुलीचे मोठे काका कुठे दिसत नाहीत ते. जिथं मोठा भाऊ येत नाही त्या घरात काहीतरी पाणी मुरतंय, एवढं त्यांनाही कळत होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात, दसऱ्याच्या दिवशी, हा फोटो.

हा फास आहे, लक्ष्मणरावांनी ओळखलं. खोटा म्हणावं तर पोरीची सोयरीक मोडते. गप्प बसावं तर भावानं माफीचा एक शब्दही न बोलता सगळं मिटवून घेतलं.

पण फोटो केला कोणी?

पहिला संशय नातीवर. कॉलेजातली स्नेहा सुट्टीभर लॅपटॉप मांडून हेच धंदे करत होती. स्वतःला पेल्यात बुडवायचं, शेजारच्या मांजराला चारमिनाराएवढं करायचं, आजीला एकाच स्वयंपाकघरात दोनदा उभी करायची आणि ते कसं केलं हे तिलाच दाखवत बसायचं. लक्ष्मणरावांनी तिच्यापुढे फोन ठेवला. पोरीनं बोटांनी फोटो मोठा केला, आणि वकिलानं कागद वाचावा तशी बघत राहिली.

"नक्को आबा, हे मी केलंच नाही. मी एवढं कच्चं काम करते काय? बघा, तुमची सावली इकडं पडली, त्यांची तिकडं."

मग तिनं त्यांची मूठ दाखवली. मांडीवर आवळलेली, रिकामी. हा त्यांचा संक्रांतीचा फोटो होता, गच्चीवरचा. तेव्हा त्या मुठीत मांज्याची फिरकी होती. कोणीतरी फिरकी पुसली, मूठ तशीच राहिली.

संक्रांतीचा फोटो स्नेहाच्याच फोनवर काढलेला. संशय घट्ट झाला. चोरी पकडायला त्यांनी डाव टाकला. म्हणाले, समजा तूच केला असतास, तर चांगला कसा केला असतास, करून दाखव. पोरगी खूश झाली. तिनं आबांना एका फोटोतून कडेकडेनं कापलं, एकनाथ आजोबांना दुसऱ्यातून, कडा पुसट केल्या, सावल्या एकीकडे वळवल्या आणि दोघांना बसवलं. शेजारी शेजारी. एकसारख्या दोन खुर्च्यांवर.

लक्ष्मणराव त्या दोन खुर्च्यांकडे पाहत राहिले. हिला माहीतच नाही. म्हणजे ही नव्हे. त्या पहिल्या फोटोत तिवई ज्यानं ठेवली, त्याला ठाऊक होतं की जखम कुठे आहे.

मग राहिला कोण? एकनाथ. बदमाश, सगळं कळत होतं तर इतकी वर्षं गप्प का बसला? तिवईवर बसल्याचं नाटकही मशीनवरच उरकलं असणार. खुर्चीतला माणूस उचलायचा, तिवईवर ठेवायचा, गुडघ्याला काही त्रास नाही.

बायकोवरही त्यांनी उभ्या उभ्या संशय घेऊन पाहिला. तारामतीबाई टेबलाशी मेथी निवडत होत्या. हे सगळं काय आहे, असं विचारल्यावर, त्या मशीनमधलं मला काय कळतं, म्हणाल्या, आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं. खरंच होतं. जी बाई फोनवर बोलताना अजून ओरडते, ती कसले फोटो कापणार. शिवाय खुर्चीची गोष्ट तिला कुठे माहीत होती.

संध्याकाळी सुनंदाबाईंचा फोन आला. रविवारी गौलीगुड्याला सुपारी फोडायची म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "लक्ष्मणराव, राग मानू नका. आमचा चिन्मय म्हणतो, त्रिवेणीनं दाखवलेला तुम्हा भावांचा फोटो जोडलेला दिसतोय. मी म्हटलं, लोकांत विचारत बसण्यापेक्षा तुम्हालाच विचारावं."

एक शब्द पुरे होता. हो म्हटलं की फास सुटला. लक्ष्मणरावांना त्रिवेणी आठवली, लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून बोनालूच्या सणाला देवीची मिरवणूक बघणारी. मेथी निवडण्याचा आवाज थांबला होता.

"का म्हणे?" त्यांनी विचारलं.

"सावल्या दोन बाजूंना पडल्यात."

"आमच्या हैदराबादचं ऊन तुम्ही अजून पाहिलं नाही, सुनंदाबाई. ते दोन्हीकडून मारतं. रविवारी या, शेजारी शेजारी बघा."

बोलून बसले खरे. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

रविवारी पाहुणे यायच्या बरंच आधी लक्ष्मणराव गौलीगुड्याला पोचले. बस स्टँडामागच्या गल्लीत रिक्षा शिरेना, तर उरलेलं अंतर चालले. माफी मागायला नव्हे, जाब विचारायला. दार एकनाथनंच उघडलं. पिकला होता. वाकून पाया पडताना त्यानं चौकट धरली, हे लक्ष्मणरावांनी टिपलं, आणि हेही नाटकच असेल, असं मनाशी म्हटलं.

बैठकीत एकच खुर्ची मांडलेली. शेजारी ती तिवई. एकनाथ तिच्याकडे वळला.

"राहू दे," लक्ष्मणराव म्हणाले. "इथं फोटो काढायला कोणी नाही."

"फोटोत बसलो तसाच बसतो, दादा."

"फोटो खोटा आहे."

"तुमचा अर्धा खोटा आहे." एकनाथनं भिंतीचा आधार घेतला. "माझा अर्धा खरा आहे."

कोणी बनवला, असं लक्ष्मणरावांनी तीनदा विचारलं. एकनाथनं सांगितलं नाही. शब्द दिलाय, एवढंच म्हणाला, आणि एक पाय पुढे ताठ ठेवून, दात आवळून खाली वाकायला लागला. अर्ध्यातच अडकला. वरही येईना, खालीही जाईना.

लक्ष्मणरावांनी आत हाक मारली. "त्रिवेणी, खुर्ची आण. तुझ्या बापाला."

"दादा, पाहुण्यांसमोर…"

"बस म्हटलं की बसायचं. मी मोठा आहे."

सुनंदाबाई आल्या तेव्हा दोघं एकसारख्या खुर्च्यांवर बसले होते. चिन्मयनं फोटो काढला आणि तिथल्या तिथे मोठा करून पाहिला. सावल्या एकाच बाजूला होत्या. लक्ष्मणराव त्यात हसत नव्हते. अजून संशयानं भावाच्या गुडघ्याकडेच बघत होते. तिवई कोपऱ्यात होती, आणि तिच्यावर सुपारीचं तबक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपला अर्धा फोटो काढून झाल्यावर, एकनाथरावांना त्या तिवईवरून उठवायला त्रिवेणी आणि तारामतीबाई अशा दोघी लागल्या होत्या.