माझं नाव सांगू नका हं

मित्रांनो, शाळेच्या ऑफिसात लोखंडी कपाटाशेजारी बसलेला काळा, जुना टेलिफोन तो मीच. माझी तबकडी फिरताना कुरकुरते आणि रिसीव्हरला शंभर तोंडांचा वास येतो. त्या वासाची मला सवय झाली आहे. किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मी नवा होतो तेव्हा शिपाई मला रोज फडक्याने पुसायचा आणि हेडसर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे. तेव्हा मी चांगली कामंही केली. एका मुलीला धावताना चक्कर यायची आणि ती घरी लपवायची. खेळाच्या सरांनी तिला माझ्याजवळ बसवलं. "तुझ्यासमोरच आईशी बोलतो. माझं काही चुकलं तर थांबव मला," ते म्हणाले. ती रडली, रुसली, पण उठून गेली नाही.

मग सातवीला नव्या वर्गशिक्षिका आल्या. बोलायला इतक्या गोड, की मुलं आपणहून त्यांच्याभोवती गोळा होत. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील वेगळे झाले होते. ती वडिलांकडे राहायची, आणि आईला भेटायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. तरी मधल्या सुट्टीत आई शाळेच्या मागच्या फाटकाशी यायची आणि गजांमधून लेकीचा हात धरून तिची नखं कापून द्यायची. मुलीने हे बाईंना सांगितलं.

"माझ्या पोटात राहील हो," बाई म्हणाल्या.

कसलं पोटात! क्लार्क जेवायला गेल्याबरोबर त्यांनी दार लोटलं आणि मला उचललं. "सांगू नये, पण कर्तव्य म्हणून सांगते," असं म्हणत त्यांनी सगळं वडिलांच्या कानात ओतलं, अगदी नखांसकट. आवाज काय खुलला होता! शेवटी हळूच म्हणाल्या, "माझं नाव मात्र सांगू नका हं. मुलांचा विश्वास उडतो."

मला शिसारी आली. पण मी पडलो यंत्र. शब्दन् शब्द पोचवला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी वडील उभे होते. आई आली आणि भररस्त्यात नको नको ते ऐकून परत गेली.

आठवड्याने ती मुलगी बाईंना शोधत ऑफिसात आली. डोळे सुजलेले.

"बाई, बाबांना कसं कळलं हो? मी तर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

मला वाटलं, आलं हिच्या लक्षात!

"म्हणजे आम्हाला कुणीतरी पाहिलं असणार," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लोकांना नसत्या चौकशा गं. मग आता कुठे भेटता?"

"शनिवारी. वाचनालयाच्या जिन्यात."

ती डोळे पुसून वर्गात गेली. बाईंनी दार लोटलं. एरवी मी दर दोन दिवसांनी बंद पडतो. त्या दिवशी मेली लाइन लख्ख चालू होती. पलीकडून वडील म्हणाले, "हॅलो."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शिक्षक होईल. पालकांना सांगणं भाग असेल तेव्हा जरूर सांगा, पण ज्याची गोष्ट आहे त्याला आधी समोर बसवा. आणि ती मुलगी कुठे भेटलीच, तर तिला एवढं कळवा, की फाटकाशी तुम्हाला कुणीच पाहिलं नव्हतं.