न दुखणारा सांधा

सवितानं मंगळसूत्र, जोडवी आणि केसांतल्या पिना काढून पर्समध्ये टाकल्या. एमआरआयच्या खोलीत लेकीजवळ बसायचं तर अंगावर धातू चालत नव्हता.

आरोही नऊ वर्षांची. लहानपणापासूनचा संधिवात, पण गुडघ्यांची सूज औषधांनी उतरली होती, निफाडच्या शाळेत ती पळायलाही लागली होती. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या तपासणीत तिला तोंड उघडायला लावलं, तर हनुवटी डावीकडे सरकली. "जबड्याचे सांधे बघून घेऊ," त्या म्हणाल्या.

"आधी तोंड मिटून फोटो, मग उघडून," मशीनवरच्या ताईंनी समजावलं आणि दातांत धरायला प्लास्टिकचा ठोकळा दिला. तो जाईना. ताईंनी लहान आणला, तोही जाईना. शेवटी अगदी पातळ होता तो कसाबसा बसला.

"दुखतंय का गं?" ताईंनी विचारलं.

आरोहीनं मानेनंच नाही म्हटलं.

मशीन ठकठकत राहिलं. लेकीचे पाय चादरीबाहेर आले होते. ते झाकावेत असं सविताच्या मनातही आलं नाही. ती नुसती बघत राहिली.

नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवले. "हाडाचं हे टोक गोल असायला हवं. डावीकडचं बघा, चपटं झालंय. आणि हे पांढरं दिसतंय ना, ती सूज. अजून चालूच आहे."

"पण दुखतंय असं ती कधी म्हणालीच नाही."

"बऱ्याच मुलांचा जबडा दुखतच नाही. म्हणून तर आतून बघावं लागतं. औषध बदलू. सूज थांबली तर वाढत्या वयात हाड थोडंफार सावरतं."

सवितानं मान डोलावली. काहीतरी विचारायला हवं हे कळत होतं, सुचत मात्र नव्हतं.

बाहेर येताच नवऱ्याचा, गोरक्षचा फोन आला. "काय म्हनल्या?"

"डाव्या जबड्याचं हाड झिजलंय."

"आरं देवा. तू रडती का?"

"नाही." खरंच रडत नव्हती ती.

बसमध्ये आरोही खिडकीशी बसली. मग म्हणाली, "आई, मला भाकरी चावायला वेळ लागतो, ते यामुळंच का?"

"हो."

"मला वाटायचं, सगळ्यांनाच लागतो."

सवितानं तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या सीटकडे.

नवं इंजेक्शन सुरू झालं. जबड्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून झोपताना दातांवर बसवायची पट्टीही आली. काही महिन्यांनी काढलेल्या पुढच्या फोटोत सूज दिसली नाही. हाडाचं टोक मात्र तसंच चपटं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. हसायला हवं म्हणून सविताही हसली.

घरी सासूबाई, लंकाबाई, ओट्यावरच वाट बघत होत्या. "आता बरी हाय ना पोर?"

"बरी आहे," सविता म्हणाली आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेली.